स्वभावाला औषध नसतं, आजाराला असतं

घरात अचानक कुणीतरी गेलेलं असतं. सगळे सुन्न. अशात घरातलीच एक जण उठते आणि सगळं हातात घेते. फोन लावते, कागदपत्रं गोळा करते, येणाऱ्याजाणाऱ्यांची सोय बघते, रडणाऱ्यांना धीर देते. तीन रात्री तिनं पाठ टेकलेली नसते, तरी चेहऱ्यावर थकवा म्हणून नाही. लोक कौतुकानं म्हणतात, "केवढी खंबीर आहे बघा!" चौथ्या दिवशी तिचं बोलणं जरा जास्तच वेगानं व्हायला लागतं. पाचव्या दिवशी ती पहाटे तीन वाजता अर्ध्या ओळखीच्या लोकांना फोन करते, कारण गेलेल्या माणसाच्या नावानं मोठी संस्था काढायची असते आणि ती उद्याच काढायची असते. आठवडा संपता संपता तिला रुग्णालयात न्यावं लागतं.

मानसोपचाराच्या लेखनात याला 'फ्युनरल मेनिया', म्हणजे शोकाच्या प्रसंगी उसळणारा उन्माद, असं नावच आहे. आघातानंतर माणूस खचतो हे सगळ्यांना कळतं. आघातानंतर माणूस उंच उडूही शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बायपोलर (मन कधी उन्मादाच्या, कधी नैराश्याच्या टोकाला नेणारा आजार) असलेल्या माणसाकडे संकटाच्या वेळी बघताना आपली गल्लत होते ती इथेच. ज्याला आपण खंबीरपणा म्हणून दाद देतो ती आजाराची पहिली पायरी असू शकते. आणि "यानं कच खाल्ली" म्हणून ज्याच्याकडे आपण नाराजीनं बघतो, तो कदाचित मोठ्या शहाणपणानं स्वतःला सावरत असतो.

ही गल्लत सुटायची तर आजार, स्वभाव आणि सावरण्याची ताकद या तीन गोष्टी वेगवेगळ्या करून बघायला हव्यात. बोलताना आपण त्यांचा एकच गोळा करतो.

आजार म्हणजे काय

हे थोडक्यात. "सकाळी खूश होतो, संध्याकाळी वैतागलो, मी पण बायपोलरच," असं हल्ली कुणीही सहज म्हणतं. तसं नाही. बायपोलरमध्ये मनःस्थिती दिवसेंदिवस एका टोकाला जाऊन राहते. मेनिया, म्हणजे उन्माद, म्हणायचा तर ती अवस्था निदान आठवडाभर टिकावी लागते, किंवा रुग्णालयात दाखल करण्याइतकी तीव्र असावी लागते. त्याची सौम्य आवृत्ती म्हणजे हायपोमेनिया, ती सलग चार दिवस तरी हवी. नैराश्य किमान दोन आठवड्यांचं. झोपेची गरजच कमी होणं, विचार पळत सुटणं, पैसे उधळणं, स्वतःबद्दल अवाच्या सवा कल्पना हे एक टोक. उठून आंघोळ करणंही डोंगर वाटणं हे दुसरं. कधी कधी दोन्ही एकत्र येतात, आणि ही मिश्र अवस्था सर्वांत धोक्याची, कारण मरणाचे विचार नैराश्याचे असतात आणि ते अमलात आणायची ताकद उन्मादाची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ४ कोटी लोकांना हा आजार होता. टोकाच्या दोन अवस्थांच्या मध्ये यांतली पुष्कळ माणसं आपल्यासारखीच असतात. म्हणजे 'आपापल्यासारखी' असतात, आणि इथून स्वभावाचा विषय सुरू होतो.

स्वभाव: प्रत्येकाची आपली पट्टी

गाणाऱ्या माणसाची एक पट्टी असते. कुणी काळी चारमध्ये गातं, कुणी पांढरी दोनमध्ये. पट्टी वरची म्हणून गाणं चांगलं होत नाही आणि खालची म्हणून वाईट होत नाही. स्वभावाचं तसंच आहे. कुणाच्या मनाची पट्टी जन्मतःच वरची असते, कुणाची मंद्र सप्तकाकडे झुकलेली. ती लहानपणापासून दिसते, बऱ्याच अंशी आनुवंशिक असते, आणि उतारवयापर्यंत फारशी बदलत नाही.

जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे टिपलं होतं. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या रुग्णांचा आजार जेव्हा शांत असतो, तेव्हाही त्यांच्या स्वभावात काही ठरावीक छटा दिसतात, आणि त्याच छटा त्यांच्या ठणठणीत नातेवाइकांतही सापडतात. पुढे मानसोपचारतज्ज्ञ हागोप अकिस्कल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या निरीक्षणाला मोजमापाचं रूप दिलं. २००५ साली त्यांनी मांडलेली ११० प्रश्नांची 'टेम्प्स-ए' ही प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. प्रश्नांची उत्तरं फक्त हो किंवा नाही. त्यातून स्वभावाच्या पाच छटा मोजल्या जातात: खिन्न, चढउताराची, सदा तेजीतली, तापट आणि चिंतातुर.

माणूस पाचांपैकी एका खोक्यात बसतो असं समजू नका. प्रत्येकात थोडं थोडं सगळंच असतं, एखादी छटा ठळक असते एवढंच. यांपैकी कुठलीही छटा म्हणजे आजार नव्हे, हेही लगेच सांगून टाकतो. आजार कधीच न झालेली कोट्यवधी माणसं तापट असतात, चिंतातुर असतात, आणि त्यांच्या घरचे त्यांना सांभाळूनही घेतात.

संकटात मात्र या छटा आपापले रंग दाखवतात. चढउताराचा स्वभाव (शास्त्रीय नाव सायक्लोथायमिक) संकटात सर्वांत जास्त हेलकावतो. अशा माणसाचं मन एरवीही नात्यांतल्या बारीकसारीक गोष्टींनी वरखाली होतं. कुणी फोन उचलला नाही की दिवस गेला, कुणी दोन शब्द चांगले बोललं की आभाळ ठेंगणं. बायपोलर असलेल्यांत हा स्वभाव ठळक असेल तर आजाराची वाट जास्त खडतर असते आणि आत्महत्येचे विचार जास्त दिसतात, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. डॉक्टर आणि घरच्यांनी जास्तीचं लक्ष कुणाकडे द्यायचं, याची ती सूचना आहे. यापलीकडे तिच्यातून भविष्य काढायला जाऊ नये.

सदा तेजीतला स्वभाव याच्या उलट. कमी झोपून भागणारा, आशावादी, चार कामं एकदम अंगावर घेणारा, गर्दीत खुलणारा. अभ्यासांत हा स्वभाव नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांपासून थोडंफार संरक्षण देताना दिसतो. पण या ढालीला मागून भोक आहे. अशा माणसात उन्मादाची सुरुवात झाली तर ती ओळखायची कशी? तो तर नेहमीच असा! आणि बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडून देण्याचा मोहही यांना होऊ शकतो, कारण गोळी घेणं म्हणजे आपण आजारी आहोत हे रोज एकदा कबूल करणं.

खिन्न स्वभावाची माणसं संकटात फारशी आरडाओरड करत नाहीत. कर्तव्य चोख करतात, स्वतःचं दुखणं शेवटी ठेवतात आणि हळूहळू बुडतात, कुणाला पत्ता न लागता. तापट माणूस नेमक्या गरजेच्या वेळी मदतीला आलेल्यांनाच दुखावून पिटाळून लावतो. चिंतातुर माणूस सगळ्या शक्यता मोजत रात्रभर कूस बदलतो. पण एक आहे, त्याच्या गोळ्या सहसा संपलेल्या नसतात. त्यानं पंधरा दिवस आधीच आणून ठेवलेल्या असतात.

आता एक सावधगिरी, जी प्रश्नावल्यांच्या उत्साहात विसरली जाते. नैराश्यात असलेल्या माणसाला "तू मुळात कसा आहेस?" असं विचारलं तर तो म्हणेल, मी जन्मापासूनच निरुपयोगी. उन्मादातल्याला विचारा, तो म्हणेल मी कायमच असा तेजस्वी. तेव्हा उत्तर आजार देत असतो. स्वभाव तपासायचा तो मन स्थिर असताना, आणि शक्यतो लहानपणापासून ओळखणाऱ्या कुणाला तरी सोबत विचारून.

"मन घट्ट कर" या सल्ल्याबद्दल

संकटातून सावरण्याच्या ताकदीला आपल्याकडे शब्द पुष्कळ आहेत: उभारी, चिवटपणा, तग, हिंमत. मला 'सावरणं' हे क्रियापद सगळ्यांत प्रामाणिक वाटतं, कारण त्यात तोल गेला होता हे गृहीत आहे. ज्याचा तोल गेलाच नाही त्याला सावरायचं काय?

ही ताकद येते कुठून? हवाईच्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा बऱ्याच गोष्टी एकदम ज्यांच्या वाट्याला आल्या, त्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही चांगली, कर्तबगार, मायाळू माणसं झाली. त्यांच्यात काय वेगळं होतं? थोडा वाटा स्वभावाचा होताच. ही मुलं तान्हेपणापासून लोकांना आपलंसं करणारी होती. पण त्याबरोबर घरात किंवा घराबाहेर निदान एक भरवशाचं मोठं माणूस होतं. आजी, शिक्षक, शेजारी, कुणीही. शिवाय पेलतील अशा जबाबदाऱ्या होत्या आणि मोठेपणी मिळालेली दुसरी संधी होती. यांतल्या बऱ्याचशा गोष्टी मुलांच्या 'आत' नव्हत्याच, त्या आजूबाजूला होत्या.

म्हणून "मन घट्ट कर" हा सल्ला मला पोकळ वाटतो. ज्या पायावर उभं राहायचं त्यातला अर्धा भाग बाहेर आहे, आणि आपण माणसाला आतल्या आत खणायला सांगतो.

बायपोलर असलेल्यांची सावरण्याची ताकद प्रश्नावल्यांनी मोजली तर सरासरीनं ती इतरांपेक्षा कमी भरते. यावरून ही माणसं मुळात कमजोर असा निष्कर्ष काढणं आळशीपणाचं आहे. आधीच्या प्रत्येक झटक्यात नोकरी, नाती, बचत, स्वतःवरचा विश्वास यांतलं काही ना काही वाहून गेलेलं असतं. मागे रेंगाळलेलं थोडंसं नैराश्य गुण आणखी खाली ओढतं. आणि त्या प्रश्नावल्यांतच एक गंमतीदार फट आहे. कॉनर आणि डेव्हिडसन यांची २००३ सालची २५ प्रश्नांची मोजपट्टी घ्या. काहीही झालं तरी निभावून नेईन, दडपणाखाली डोकं चालतं, अशा धर्तीच्या विधानांना माणूस ० ते ४ गुण देतो. हायपोमेनियातला माणूस तिथे काय लिहील? जवळपास शंभरपैकी शंभर. कागदावर तो सर्वांत चिवट आणि प्रत्यक्षात कड्याच्या टोकावर उभा.

लय

संकट बायपोलर असलेल्या माणसाला नेमकं कुठे घाव घालतं? दुःख, भीती, पैशाची ओढाताण हे तर आहेच, ते सगळ्यांनाच असतं. खास घाव बसतो तो दिवसाच्या लयीवर.

आपल्या शरीरातलं घड्याळ तंतोतंत चोवीस तासांचं नाही, त्याला रोज चावी द्यावी लागते. जर्मनीतल्या आंडेक्स इथे युर्गेन अशॉफ यांनी १९६० च्या दशकात माणसांना खिडक्या नसलेल्या, घड्याळ नसलेल्या भूमिगत खोल्यांत ठेवून पाहिलं, तर त्यांच्या झोपायच्या-उठायच्या वेळा रोज थोड्या थोड्या पुढे सरकत गेल्या. मुख्य चावी सूर्यप्रकाशाची. पण माणसाच्या बाबतीत इतरही छोट्या चाव्या असतात: ठरल्या वेळी जेवण, कामावर जाणं, मुलाला शाळेत सोडणं, संध्याकाळी ठरावीक माणसाशी बोलणं. १९८८ साली एलर्स, फ्रँक आणि कुप्फर या संशोधकांनी असं मांडलं की आयुष्यातल्या मोठ्या घटना या छोट्या चाव्या काढून घेतात. त्यानं शरीराचं घड्याळ ढळतं आणि ज्यांच्यात मुळात कल आहे त्यांना आजाराचा झटका येतो.

म्हणजे जोडीदार गेला तर माणूस जातोच, शिवाय त्याच्यामुळे ठरलेली जेवणाची वेळही जाते. नोकरी गेली तर पगाराबरोबर सकाळी सातला उठण्याचं कारणही जातं.

यात झोप सर्वांत नाजूक. थॉमस वेर आणि सहकाऱ्यांनी १९८७ सालीच दाखवून दिलं होतं की प्रसूती, प्रवास, शोक, प्रेमभंग, औषधं अशी उन्मादाची वरवर वेगवेगळी कारणं बऱ्याचदा एकाच वाटेनं काम करतात, आणि ती वाट म्हणजे मोडलेली झोप. झोप कमी झाली की उन्माद वाढतो आणि उन्माद वाढला की झोप आणखी कमी होते. सुरुवातीच्या प्रसंगातल्या त्या बाईंच्या तीन जागत्या रात्री आठवा. लोक ज्याचं कौतुक करत होते, तेच आगीत तेल ओतत होतं.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडची जागतिक साथ जाहीर केली, आणि बघता बघता अब्जावधी लोकांच्या छोट्या चाव्या एकदम काढून घेतल्या गेल्या. ऑफिस नाही, शाळा नाही, भेटीगाठी नाहीत. बायपोलर असलेली सगळीच माणसं कोसळतील अशी भीती होती. प्रत्यक्षात अनुभव एकसारखा आला नाही. काहींचे खूप हाल झाले. झोप उलटीपालटी, तपासण्या चुकल्या, एकटेपणा. काहींना मात्र जगाचा वेग मंदावल्यानं हायसं वाटलं. धावपळ नाही, रात्रीचे कार्यक्रम नाहीत, आमंत्रणं टाळल्याबद्दल कुणाला स्पष्टीकरण द्यायला नको. शिवाय घरात बसून वेळापत्रक सांभाळणं ही कला यांतल्या कित्येकांना आधीपासून येत होती, बाकीचं जग ती तेव्हा शिकत होतं.

मनाची पट्टी आपल्या हातात नसते, लय बऱ्यापैकी असते. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये याच एलन फ्रँक यांनी याच कल्पनेवर एक उपचारपद्धती उभी केली. माणसानं रोज उठण्याची, पहिल्यांदा कुणाशी बोलण्याची, काम सुरू करण्याची, जेवणाची, झोपण्याची वेळ टिपायची आणि ती हळूहळू स्थिर करायची, त्याबरोबर नात्यांतल्या गाठी सोडवायच्या. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या १७५ रुग्णांच्या अभ्यासात, तीव्र अवस्थेतच ज्यांना ही पद्धत मिळाली त्यांना पुढचा झटका यायला जास्त काळ लागला. हे सगळं औषधांसोबत, औषधांऐवजी नव्हे.

गोळ्या आणि संकट

ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावर लिथियम वापरून पाहिलं. ते आजही या आजारातलं सर्वांत भरवशाच्या औषधांपैकी एक आहे, आणि आत्महत्येचा धोका कमी करणारं म्हणून त्याचं खास महत्त्व. पण त्याचा स्वभाव (त्यालाही आहे!) जरा नाजूक. रक्तातली पातळी लिटरमागे साधारण ०.६ ते १ मिलिमोलच्या दरम्यान ठेवतात. दीडच्या वर गेली की विषबाधेची भीती. एरवी हे नीट चालतं. संकटात मात्र उलट्या-जुलाब, ताप, उन्हात घाम गाळणं, पाणी न मिळणं यांनी पातळी चढते. अंगदुखीसाठी सहज घेतलेल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही चढते. हात जोरात थरथरणं, उलट्या, चालताना झोक जाणं, बोबडं बोलणं अशी लक्षणं दिसली तर वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

धोका उलट बाजूनंही आहे. लिथियम एकदम बंद झालं तर पुढच्या काही महिन्यांत उन्माद उसळण्याची शक्यता बरीच वाढते. आपत्तीच्या वेळी आधी दुकानं बंद होतात, रस्ते तुटतात. म्हणून जास्तीच्या गोळ्या आणि औषधांची नावं-मात्रा लिहिलेला कागद हाताशी असणं ही साधी गोष्ट मोलाची ठरते. मात्र आत्महत्येचा विचार डोकावत असेल तेव्हा गोळ्यांचा साठा दुसऱ्या कुणाकडे ठेवलेला बरा. आणखी एक: गंभीर आजारात स्टेरॉइड देतात, कोविडमध्येही दिली गेली. त्यांनी उन्माद उसळू शकतो. म्हणून दुसऱ्याच कारणासाठी रुग्णालयात भरती झालात तरी तिथल्या डॉक्टरांना बायपोलरबद्दल आधी सांगायचं. लोक हे लाजेपोटी लपवतात.

मग स्वभाव माहीत असून उपयोग काय?

मला वाटतं, स्वभावावरून कोण मोडेल आणि कोण तरेल याचे अंदाज बांधत बसण्यात फारसा अर्थ नाही. त्याचा खरा उपयोग तुलनेसाठी आहे. माणसाची पट्टी माहीत असेल तरच तो सुटला हे कळतं. मुळातच पाच तास झोपणारा माणूस पाच तास झोपला तर घाबरायचं कारण नाही. एरवी आठ तास झोपणारी मुलगी सलग तीन दिवस पाच तासांत ताजीतवानी उठत असेल तर डॉक्टरांना फोन करायला हवा. बडबड्या माणसाची बडबड ही खूण नव्हे. अबोल माणूस अनोळखी लोकांशी तासन् तास बोलू लागला तर ती खूण. आणि सदा हसतमुख माणूस "ठीक आहे" एवढंच म्हणून गप्प व्हायला लागला तर तीही. माणसाची तुलना त्याच्याशीच करायची, शेजाऱ्याशी नाही.

हे लिहून ठेवता येतं, आणि ठेवावंच. मन स्थिर असताना, दोघा-तिघा विश्वासू माणसांसोबत बसून: मी एरवी कसा असतो, बिघडायला लागलो की सर्वांत आधी काय बदलतं, तेव्हा मला कुणी आणि कुठल्या शब्दांत सांगायचं, बँकेचं कार्ड कुणाकडे द्यायचं, कुठल्या डॉक्टरांना फोन लावायचा, मी "मला काही झालेलं नाही" म्हणालो तरी काय करायचं. मरणाची भाषा सुरू झाली तर माणसाला एकटं न सोडता तातडीची मदत बोलवायची, हेही त्यात हवं. 'कुठल्या शब्दांत' हे मी मुद्दाम घातलं. "गोळी घेतलीस का?" हा प्रश्न प्रत्येक मतभेदात फेकला की त्याची धार जाते, आणि खरोखर विचारायची वेळ येते तेव्हा तो टोमण्यासारखा लागतो.

तसंच मृत्यू झालेलं दुसरं एक घर डोळ्यांसमोर आणा. धाकट्या भावाला दहा वर्षांपासून बायपोलर आहे. रात्रीचे साडेनऊ झालेत, बाहेरच्या खोलीत माणसं बसलेली आहेत, आणि तो उठून म्हणतो, "मी झोपायला जातो. सकाळी सातला उठेन." कुणीतरी कुजबुजतं, सख्खा मुलगा असून याला झोप येतेच कशी! थोरली बहीण ते ऐकते. तिच्या पर्समध्ये त्याच्या अक्षरातला घडी घातलेला कागद आहे. ती काही बोलत नाही, फक्त त्याचा फोन मागून घेते आणि खोलीचं दार लोटून घेते. सकाळी सातला तो उठतो, तोंड धुतो, आणि राहिलेल्या फोनांची यादी तिच्याकडून मागून घेतो.